जिन्यात अडकलेले वरचे

"वरचे परत जिन्यात अडकले वाटतं," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "कॉफी ओतू, का राहू दे स्वल्प वेळ?"

"राहू दे," वर्तमानपत्रातून डोकं न काढता अण्णा म्हणाले. "आत्ताशी वरून उतरतायत. ती खालची पायरी यायची आहे अजून."

अण्णांचा अंदाज सहसा चुकत नसे. आमच्या मल्लेश्वरमच्या घराचा जिना बाहेरून होता, आणि त्याची खालून चौथी पायरी बरोबर माझ्या खिडकीसमोर यायची. वरच्या खोलीत राहणारे भाडेकरू घाईघाईने निघत, त्या पायरीपर्यंत येत आणि तिथे एक पाय वर, एक पाय खाली असे उभे राहत. आपण कशासाठी निघालो हे त्यांना आठवत नसे. ते आठवेपर्यंत दुसरंच काहीतरी आठवे, आणि कॉफी फिल्टरमध्येच निवत राही.

थकव्याशी इतक्या निष्ठेने भांडणारा, दर वेळी हरणारा आणि हरल्यावर नव्या उत्साहाने पुढच्या लढाईला निघणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मल्लेश्वरममध्ये तरी तो नसणार, कारण असता तर वरच्यांनी त्याला शोधून काढून 'तुम्ही काय घेताय?' असं विचारलं असतं. त्यांना चांगलं नाव होतं आणि ते टपालाच्या पाकिटांवर येतही असे. पण आमच्याकडे ते 'वरचे' म्हणूनच राहत. 'वरचे उठले का', 'वरच्यांना सारू पाठव' असं आई म्हणे, आणि एकदा तर त्यांनीच दारात उभं राहून सांगितलं, "अण्णा, मी वरचा. किल्ली आत राहिली."

ते बेळगावकडचे. आमचं घराणं इतक्या पिढ्या बंगळूरात आहे की मूळ गाव कुठलं यावर दोन चुलत्यांमध्ये अबोला धरला गेला होता. आमची मराठी घरातल्या घरात जपलेली, मधेमधे कन्नड पेरलेली. वरचे ती ऐकून म्हणत, "तुमचं बोलणं म्हंजे म्यूझियममधल्या भांड्यागत आहे बघा. जुनं, पण चकचकीत." मग आई त्यांच्या 'बघा की', 'नको की' ची नक्कल करून दाखवी आणि ते खो खो हसत. मी हसत नसे. मी नन्सच्या शाळेत शिकले होते, कॉलेजात इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं. तिथे शिकवलं होतं की वाक्य पूर्ण बोलावं, नाहीतर बोलूच नये. मी दुसरा पर्याय निवडला होता.

त्यांचं संशोधन गंजावर होतं. इन्स्टिट्यूटमध्ये काचेच्या भांड्यांत मिठाचं पाणी भरायचं, त्यात लोखंडाच्या पट्ट्या सोडायच्या आणि त्या कशा गंजतात ते पाहायचं. "ह्यात आपल्याला करायचं काही नसतंय," ते अण्णांना समजावून सांगत. "लोखंडच सगळं करतंय. आपण नुसतं लक्ष द्यायचं." आणि नेमकं तेवढंच त्यांना जमत नव्हतं. दुपार झाली की त्यांच्या अंगातून कोणीतरी दोरी ओढून घेतल्यासारखे ते मलूल होत. पुस्तक उघडलं की डोळे मिटत, डोळे उघडले की खिडकीबाहेरच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडावर खार दिसे, आणि खार गेल्यावर ती कुठे गेली असेल याचा विचार सुरू होई. प्रबंध दोन वर्षं तसाच पडला होता. शिष्यवृत्ती उन्हाळ्यापर्यंत होती. त्याच्या आत प्रबंध दिला नाही तर गावी जाऊन वडिलांच्या कापडदुकानात गादीवर बसायचं, असं वडिलांनी स्पष्ट कळवलं होतं. आणि दिला, तर उत्तरेत कुठेतरी पोलादाच्या कारखान्यात नोकरी त्यांची वाट पाहत होती. म्हणजे काहीही झालं तरी ते जाणारच होते. घरातल्या सगळ्यांना त्यांचा एखादा उपाय लागू पडावा असं मनापासून वाटे. मला फक्त उन्हाळा उशिरा यावा असं वाटे.

त्यांचे उपाय मात्र पाहण्यासारखे असत. पहिल्यांदा थंड पाणी आलं. बादलीत पाय बुडवून वाचलं की रक्त डोक्याकडे धावतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते बादलीत पाय सोडून बसत, मग काहीतरी आठवे, आणि ते तसेच ओल्या पायांनी खाली येत. जिन्याच्या लाल पायऱ्यांवर त्यांची पावलं उमटत आणि चौथ्या पायरीवर मोठं थारोळं साचे. मग शीर्षासन आलं. ते हे भिंतीला टेकून करत, आणि ती भिंत आमच्या देवघराच्या बरोबर वर होती. रोज सकाळी अण्णांची पूजा ऐन रंगात आली की वरून धप्प असा आवाज येई आणि देवांवरचं फूल खाली पडे. आई म्हणे, "कौल मिळाला." मग मिरी चघळणं झालं. मग भिजवलेले बदाम. हे बदाम रात्री वाटीत भिजत घालून ते खिडकीत ठेवत, आणि संपिगेवरची खार ते पहाटेच खाऊन जाई. "त्या खारीचं लक्ष बघा कसं लागतंय," ते मला म्हणाले. "बदाम लागू पडतात ह्यात शंका नाही, अक्का. फक्त खाणारा चुकालाय."

ते मला अक्का म्हणत. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. पण त्यांच्याकडे परक्या घरच्या मुलीला मान द्यायचा तर अक्काच म्हणतात, आणि आमच्याकडेही तेच. भाजीवाल्याची मी अक्का, पोस्टमनची अक्का, आणि त्यांचीही. त्यात गैर काही नव्हतं. पोस्टमनने म्हटलं तर मला काही वाटत नसे, एवढंच.

कॉफीला ते विष समजत. चहा तर महाविष. थकलेल्या घोड्याला चाबूक मारण्यासारखं ते आहे असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते आमच्याकडच्या कॉफीचा पेला हातात धरूनच मांडत. वर खोलीत त्यांनी धने आणि जिरं भाजून त्याचा कषाय, म्हणजे काढा, करायला सुरुवात केली. आता धने-जिरं वाईट नसतं, पण ते खरपूस भाजायचं असतं, आणि भाजायला ठेवून खिडकीत जायचं नसतं. सगळ्या गल्लीत धूर झाला. समोरच्या घरातून कोणीतरी बादली घेऊन धावत आलं. तेव्हापासून आईने ठरवलं की दुपारी चार वाजता वरच्यांची कॉफी चौथ्या पायरीवर ठेवायची. "विष म्हणा, काय म्हणा, पण घर तरी उभं राहील." ठेवायचं काम माझ्याकडे आलं. "स्वल्पच घ्यालोय हं," असं ते पेल्याला उद्देशून म्हणत आणि पूर्ण पीत.

पण त्यांचा सर्वांत जास्त विश्वास ओंदेलग्यावर बसला. ओलसर जागी जमिनीसरशी पसरणारी, गोल पानांची ही वेल. बुद्धीला चांगली म्हणतात. आमच्या घरी परीक्षा असली की पहिला भात ओंदेलग्याच्या तंबुळीशीच खायचा असा नियम होता. पानं, खोबरं, जिरं, मिरी वाटून ताकात कालवायची, आणि गरम भातावर घ्यायची. इतर काहीही त्याआधी तोंडात घालायचं नाही. मी शाळेपासून प्रत्येक पेपरला ती खाऊन गेले आहे आणि पेपर चांगलेच गेले आहेत. तोंडी बोलण्यावर मात्र तिचा काही परिणाम होत नसावा.

वरच्यांनी एकदा ही तंबुळी खाल्ली आणि त्या संध्याकाळी त्यांना लहानपणच्या मास्तरांची पूर्ण नावं आठवली. झालं. तंबुळीपर्यंतही थांबायला नको म्हणून ते रोज सकाळी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी जाऊन, उकिडवे बसून, पानं खुडून कच्चीच खाऊ लागले. महिनाभरात त्यांच्यात फरक पडला. त्यांना गोष्टी आठवू लागल्या. चेहऱ्यावर तेज आलं असं अण्णांनाही वाटलं. इन्स्टिट्यूटमधल्या मित्रांना वाटण्यासाठी ते रुमालात पानं बांधून नेऊ लागले. मग एक दिवस आई तंबुळीसाठी पानं खुडायला गेली, ते शेजारीच बसून खात होते, आणि आईने त्यांच्या मुठीकडे पाहिलं.

"अय्यो! हे काय खाताय?"

"ओंदेलगा की."

"ओंदेलगा तो तिकडे, दगडाच्या पलीकडे. हे काहीतरी गवत आहे! गाय पण तोंड लावत नाही त्याला!"

वरच्यांनी मूठ उघडून एक पान उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, आता ते खचणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू शुद्ध शास्त्रीय कुतूहल पसरलं. "मग महिनाभर मला आठवत होतं," ते म्हणाले, "ते कशानं?"

मी आत पळाले आणि उशीत तोंड खुपसून हसले. नंतर किती दिवस ते चौथ्या पायरीवर थांबले की हाच प्रश्न मला विचारत. माझ्याकडे उत्तर होतं. मी ते आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत आणलं, मग त्यातले कर्ता-कर्म तपासले, तोपर्यंत वरचे गवतावरून गाईवर, गाईवरून बेळगावच्या लोण्यावर आणि लोण्यावरून आकाशात ढग का टिकतात यावर गेलेले असत. ते बोलत आणि मी पुस्तकात बोट घालून ऐकत असे. मधून मधून "हो" म्हणत असे. कधी "हो का?" एवढंही. जगात दुसरं कोणीही माझ्याशी असं, उत्तराची घाई न करता बोललेलं नाही. त्यांचं कशातच लक्ष लागत नव्हतं म्हणून ते सगळीकडे थोडं थोडं लागत असे, आणि त्यातलं थोडं माझ्या खिडकीवाटे आत येत असे.

जानेवारीत त्यांच्या प्रोफेसरांनी शेवटचं बजावलं. त्याच आठवड्यात एका मित्राने त्यांना गोळ्या आणून दिल्या. बारीक, पांढऱ्या, कोणालाही संशय येऊ नये अशा साध्या दिसणाऱ्या. औषधाच्या दुकानात त्या सहज मिळत, बरेच विद्यार्थी परीक्षेआधी घेत. वरचे अण्णांना म्हणाले, "एवढे दिवस मुळ्या-पानं खाऊन बघितली. आता जरा केमिस्ट्रीला संधी देतो."

गोळी लागू पडली. पहिल्याच दिवशी लागू पडली. टाइपरायटरचा आवाज सुरू झाला तो थांबेचना. धप्प हा आवाज बंद झाला, देवांवरची फुलं जागच्या जागी राहू लागली. दूधवाला यायच्या आधी टाइपरायटर, आम्ही जेवायला बसलो तरी टाइपरायटर. अण्णा कौतुकाने छताकडे बघत. आई म्हणाली, "एवढं कोण लिहितं गंजाबद्दल?" जिना ते आता सरळ उतरत, एकही पायरी न चुकवता, एकाही पायरीवर न थांबता. सायकलवर बसत आणि जात. चार वाजता मी ठेवलेली कॉफी तशीच राही. तिच्यावर साय धरे, मग मुंग्या येत. मी तरी ती ठेवत होते. आई पेला रोज जरा कमी भरू लागली.

एका रविवारी सकाळी ते फाटकापाशी आले. फाटकाच्या बिजागरीवर गंज होता. गंजाचा माणूस म्हणून त्यांनी तो पॉलिशपेपरने घासायला घेतला. बिजागरी झाली, मग दुसरी, मग कडी, मग एकेक गज. ऊन डोक्यावर आलं. आईने जेवायला हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. अण्णांनी छत्री धरली, त्यांना ती दिसली नाही. वर प्रबंधाचा शेवटचा भाग पडला होता आणि ते आमचं फाटक घासत होते. त्यांचे ओठ सुकले होते, पण नजर मात्र हलत नव्हती. एवढी एकाग्रता मी कोणात पाहिली नव्हती. हीच त्यांना हवी होती. मला वाचनालयात जायला फाटकातूनच जावं लागणार होतं; तेवढं निमित्त धरून मी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "पाणी," असं म्हणायची तयारी केली. ते वर न बघता म्हणाले, "सरका."

अक्कासुद्धा नाही. नुसतं सरका. मी सरकले.

प्रबंध पुरा झाला. तो देऊन ते आले, जिना चढले आणि खाली आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी अण्णांनी दार वाजवून उघडलं तर ते अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते, पण त्यांना काही नको होतं. पाणी नको, बोलणं नको, दिवा नको. इतका थकलेला माणूस मी पाहिला नव्हता. आधीच्या त्यांच्या थकव्यात निदान गंमत असे. आमच्या घरचे डॉक्टर आले, ते अण्णांचे वर्गमित्र. त्यांनी उशाची बाटली उचलून उन्हात धरली, खिशात टाकली आणि वरच्यांना विचारलं, "झोपता किती तुम्ही?"

वरचे बोटं मोजू लागले.

"आत्ताचं नाही. एरवी. गोळ्यांच्या आधी."

वरच्यांनी हळू आवाजात सांगितलं. पहाटे चारला उठणं, मग शीर्षासन, मध्यरात्र उलटेपर्यंत वाचन, सकाळचं खाणं नाही कारण पोट भरलं की बुद्धी जड होते. डॉक्टरांनी आपली बॅग बंद केली. "ह्या गोळीनं थकवा जात नाही हो," ते म्हणाले. "तो आलाय हे कळत नाही, एवढंच. पंधरा दिवस झोपा. सकाळी इडली खा. संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जा. बस्स."

खाली आल्यावर अण्णा हसत म्हणाले, "बादली झाली, बदाम झाले, गवत झालं. झोप घेऊन बघावी हे एवढं मात्र सुचलं नाही!" आईला हसू आलं नाही. ती मिरीचं सारू करायला गेली.

पहिले काही दिवस त्यांनी नुसती झोप काढली. मग ते जिन्यापर्यंत येऊ लागले. मग एका दुपारी चौथ्या पायरीवर बसून त्यांनी इडली खाल्ली आणि खारीला अर्धी दिली. रंग परत आला. प्रोफेसरांनी प्रबंधातला गोळ्यांच्या दिवसांतला बराचसा भाग गाळायला लावला, कारण त्यात एकच गोष्ट नऊ पानं वेगवेगळ्या शब्दांत सांगितली होती. जिन्यात अडकण्याच्या काळात, अधूनमधून लिहिलेला भाग त्यांना फार आवडला. हे सांगताना वरचे पुन्हा तसेच दिसले. "मग मला जमत होतं की, अक्का," ते म्हणाले. "फक्त हळू." मी "हो" म्हणाले. ह्या खेपेला जरा लवकर म्हणाले.

मग नोकरीचं पत्र आलं.

जाण्याच्या दिवशी जटका दाराशी आला. घोडा डुलक्या घेत होता. अण्णांनी ट्रंक चढवली, वळकटी चढवली. आईने डब्यात दहीभात आणि तंबुळीची बाटली दिली, आणि सुकवलेल्या ओंदेलग्याची पुडी, वर स्वतःच्या हाताने गाठ मारून. "दगडाच्या पलीकडचा आहे हा," ती म्हणाली. वरच्यांनी वाकून नमस्कार केला. मग काहीतरी राहिलं म्हणून ते वर गेले.

मी खिडकीत होते. बरेच महिने मी एक वाक्य जुळवत होते. ते चांगलं होतं, पूर्ण होतं, त्यात चूक नव्हती. कोणत्या भाषेत म्हणायचं तेवढं ठरायचं होतं.

वरचे उतरू लागले. फाटकाशी अण्णा घड्याळ काढून उभे होते. "चला हो! स्टेशन काय जवळ आहे का?" जटकेवाला जागा होऊन लगाम सावरू लागला. वरचे भराभर उतरले, आणि चौथ्या पायरीवर एक पाय वर, एक पाय खाली असे थांबले. हात रिकामे होते. त्यांनी खिसे चाचपले. संपिगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काहीतरी न्यायचं होतं बघा," ते म्हणाले. "त्यासाठीच वर गेलतो. आता आठवंना झालंय."

"गाडी चुकेल!" अण्णा ओरडले.

वरचे तसेच उभे होते. माझ्या तोंडात ते जुळवलेलं वाक्य आलंच नाही. ते कुठे गेलं मला आजही सांगता येणार नाही. दुसरंच काहीतरी आलं, त्यांच्याच बोलण्यातलं, न तपासता, अण्णांना फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मग बसा की पायरीवर. आठवेपर्यंत बसा. गाडी उद्यापण असते."